ज्वालामुखी कशाने फुटतो, आणि सह्याद्रीत आता का फुटणार नाही

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. राखेचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंच चढला. वरच्या वाऱ्यांनी तो तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानवर नेला आणि दुसऱ्या दिवशी रात्री राजस्थान-गुजरातवरून दिल्लीच्या आकाशात आणून सोडला. विमान कंपन्यांनी काही उड्डाणं रद्द केली, काही विमानं तपासणीसाठी उभी करून ठेवली. ज्याचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ऐकलंही नव्हतं, अशा सुमारे चार हजार किलोमीटर दूरच्या एका बुटक्या डोंगरामुळे आपल्या लोकांचे प्रवास अडले.

हजारो वर्षं गप्प बसलेला डोंगर अचानक फुटतो कसा, हे त्या दिवसांत अनेकांनी विचारलं. उत्तर अवघड नाही, पण त्याआधी डोक्यात पक्कं बसलेलं एक चित्र पुसावं लागतं.

पायाखाली लाव्हाचा समुद्र नाही

भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वी अर्धी कापून दाखवलेली असते. वर पातळ कवच, त्याखाली केशरी-लाल जाड थर. तो लाल रंग पाहून आपण समजतो की कवचाखाली सगळीकडे उकळता रस भरलाय आणि कुठे भेग पडली की तो बाहेर येतो.

तसं नाही. कवचाखालचा तो थर, म्हणजे प्रावरण, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातो आणि जवळजवळ सगळा घन दगडाचा आहे. तापलेला आहे, वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या मंद गतीने सरकतोही, पण आहे दगडच. तिथे तापमान हजार-तेराशे अंश आणि त्याहूनही जास्त असताना तो वितळत का नाही? वरच्या खडकाच्या वजनामुळे. दगड वितळताना फुगतो, जास्त जागा मागतो. चहूबाजूंनी प्रचंड दाब असला की फुगायला वाव मिळत नाही आणि तो घनच राहतो. खोल जावं तसं तापमान वाढतं, पण दाबही वाढतो, आणि बहुतेक ठिकाणी दाबच जिंकतो.

म्हणून खरं तर विचारायला हवं ते हे, की पृथ्वीच्या काही मोजक्या जागीच दगड वितळतो, तो का?

वितळण्याची दोन मुख्य कारणं

पहिलं कारण म्हणजे दाब कमी होणं. जिथे पृथ्वीच्या कवचाचे भले मोठे तुकडे, म्हणजे भूपट्ट, एकमेकांपासून दूर जातात, तिथे मधली जमीन ताणली जाऊन पातळ होते. खालचा गरम दगड वर सरकतो. त्याला वेगळी उष्णता कुणी देत नाही. वरचा भार हलका झाला एवढ्यानेच तो थोडासा वितळतो. अफार नेमका असा भाग आहे. तिथे तीन भूपट्ट एकमेकांपासून फाकतायत आणि आफ्रिका खंड सावकाश चिरत चाललाय. कधी प्रावरणातून गरम दगडाचा एक उभा स्तंभ वर येतो आणि भूपट्टाच्या मधोमधच ज्वालामुखी तयार होतात. हवाई बेटं अशी झाली. अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात.

दुसरं कारण पाणी, आणि ते ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. समुद्रतळाचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो तेव्हा खनिजांमध्ये अडकलेलं पाणी सोबत घेऊन जातो. साधारण शंभर किलोमीटर खोलीच्या आसपास ते पाणी वरच्या गरम दगडात शिरतं आणि त्या दगडाचा वितळणबिंदू उतरतो. एरवी घन राहिला असता तो दगड मग वितळू लागतो. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, अँडीज पर्वतरांग इथले ज्वालामुखी असे पाण्यामुळे जन्मलेले. अंदमानातलं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, तोही याच कुळातला.

जमिनीखालच्या वितळलेल्या दगडाला शिलारस म्हणायचं. तोच बाहेर आला की लाव्हा. शिलारस आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका असतो म्हणून वर चढतो आणि कवचात काही किलोमीटर खोलीवर अडकून साठतो. या साठ्यालाही तळ्यासारखं समजू नका. बराचसा भाग स्फटिकांचा घट्ट चिखल असतो आणि त्या स्फटिकांच्या फटींमध्ये रस. असा साठा हजारो वर्षं नुसता पडून राहू शकतो. कित्येक साठे कधीच बाहेर न येता जागच्या जागी थिजून जातात.

मग स्फोट कशाने होतो?

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे आणि बातम्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट सुटते. ज्वालामुखीचा स्फोट घडवतो तो वायू.

सोड्याची बंद बाटली बघा. आत बुडबुडा दिसत नाही, पाणी नितळ असतं. वायू आतच असतो, दाबामुळे पाण्यात विरघळलेला. झाकण उघडलं की दाब उतरतो, वायूला विरघळून राहता येत नाही, हजारो बुडबुडे एकदम फुटतात आणि फेस बाटलीबाहेर येतो. बाटलीत तळाशी कुणी आग लावलेली नसते. शिलारसातही पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. काही प्रकारच्या शिलारसात खोलवर वजनाच्या चार-पाच टक्के नुसतं पाणी असतं. रस वर सरकला, दाब कमी झाला, की त्या पाण्याची वाफ होते, आणि उघड्या हवेच्या दाबाला वाफ मूळ पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा घेते. रसाचा फेस होतो, फेस हलका म्हणून आणखी वेगाने वर येतो, दाब आणखी उतरतो, बुडबुडे आणखी फुगतात. एकदा हे चक्र सुरू झालं की ते थांबवणं अवघड.

बुडबुडे सहज निसटू शकले तर काही बिघडत नाही. हवाईचा लाव्हा बेसॉल्ट प्रकारचा, अकराशे-बाराशे अंश गरम, पातळ. त्यातून वायू निघून जातो आणि लाव्हा ओघळत राहतो, लोक सुरक्षित अंतरावरून तो बघतातही. पण शिलारसात सिलिकाचं, म्हणजे वाळू-काचेतल्या मुख्य घटकाचं, प्रमाण जास्त असेल तर तो इतका चिकट होतो की बुडबुड्यांना बाहेरचा रस्ताच मिळत नाही. ते आतल्या आत फुगत राहतात आणि अखेर रसाच्याच चिंधड्या उडवतात. पाण्यावर तरंगणारा प्यूमिस दगड हातात घेतला तर हे सगळं दिसतं: तो थिजलेला फेस आहे.

झाकण उडालं तो दिवस

अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स १९८० च्या मार्चमध्ये थरथरू लागला. चिकट शिलारस डोंगराच्या पोटात वर चढत होता, पण तोंडापर्यंत पोचत नव्हता. त्यामुळे डोंगराची उत्तरेकडची बाजूच फुगू लागली, दिवसाला जवळपास दोन मीटर. शास्त्रज्ञ मोजत होते, पण फुटणार कधी हे सांगता येत नव्हतं.

१८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि फुगलेली अख्खी उत्तर बाजू घसरून खाली आली. माणसाने नोंदलेली ही सर्वात मोठी दरड. रसावरचा शेकडो मीटरचा दगड काही सेकंदांत बाजूला झाला. आतला रस तोवर दाबाखाली कोंडलेला होता, तो त्याच क्षणी फेसाळून फुटला, आणि वर नव्हे तर आडवा. सुमारे सहाशे चौरस किलोमीटरवरचं जंगल झोपलं, सत्तावन्न माणसं गेली, डोंगराची उंची सुमारे चारशे मीटरने कमी झाली. नवी उष्णता कुठून आलेली नव्हती. फक्त भार निघाला होता.

सगळीकडे झाकण असं उडत नाही. पुष्कळदा खालून ताजा, जास्त गरम शिलारस जुन्या साठ्यात घुसतो आणि दाब वाढवतो. कधी साठा थंड होताना त्यात स्फटिक बनत जातात. स्फटिकांत वायू मावत नाही, त्यामुळे उरलेल्या रसात तो गोळा होत जातो आणि शेवटी बुडबुडे सुटतात. म्हणजे थंड होणारा साठाही फुटू शकतो.

जीव घेतं ते वेगळंच

लाव्हा घरं-शेतं गिळतो, पण माणसाला बहुतेक वेळा त्यापुढून चालत निघून जाता येतं. जीव बऱ्याचदा जातात ते तप्त राख आणि वायूच्या ढगांमुळे, त्सुनामीमुळे किंवा चिखलाच्या लोंढ्यांमुळे. तप्त राखेचे ढग डोंगरउतारावरून वाहनाच्या वेगाने खाली येतात. १९०२ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचं सेंट पियेर शहर अशाच ढगाने काही मिनिटांत संपवलं. १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआच्या उद्रेकात छत्तीस हजारांवर माणसं गेली, ती बहुतेक सगळी त्सुनामीत.

कोलंबियातल्या नेवाडो देल रुईझ ज्वालामुखीचा तर मोठा उद्रेकही नव्हता. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री शिखरावरचा थोडा बर्फ वितळला, त्या पाण्यात राख-माती मिसळून चिखलाचे लोंढे दऱ्यांतून धावले आणि अडीच तासांनी आर्मेरो गावावर आले. एकूण सुमारे तेवीस हजार मृत्यू. धोका कुठे आहे हे दाखवणारा नकाशा आधीच तयार झाला होता आणि आर्मेरो त्यात होतं. मध्ये अडीच तास होते. लोकांना शेजारच्या टेकडीवर जायला तेवढे पुरले असते.

राखेने विमान का थांबतं?

ही राख लाकूड जळून उरते तशी नसते. फुटलेल्या फेसाचे ते बारीक तुकडे, काच आणि खडक. जेट इंजिनाच्या आतलं तापमान ही काच वितळवण्याइतकं असतं. ती वितळते, पुढच्या पात्यांवर चिकटून घट्ट होते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. २४ जून १९८२ ला जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली. विमान तरंगत खाली आलं, राखेच्या बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला उतरलं. कोरडी, बारीक राख विमानाच्या हवामान रडारला दिसत नाही, म्हणून जगात नऊ केंद्रं उपग्रहांवरून राखेवर नजर ठेवतात. हायली गुब्बीच्या वेळी फ्रान्समधल्या टूलूझ केंद्राचे इशारे आपल्याकडे वापरले गेले. ढग खूप उंचावरून गेल्यामुळे खालच्या हवेवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, पण विमानं त्याच उंचीवरून उडतात. त्या दिवशी उड्डाणं रद्द करणं हाच शहाणपणा होता.

‘बारा हजार वर्षांनी’ म्हणजे काय?

हायली गुब्बी बारा हजार वर्षांनी जागा झाला, असं सगळीकडे छापून आलं. नेमकं सांगायचं तर तेवढ्या काळातला त्याचा एकही उद्रेक नोंदलेला नव्हता. अफार हा जगातल्या सर्वात दुर्गम आणि तप्त प्रदेशांपैकी एक. तिथे नोंदी ठेवणार कोण? आणि तो अगदी अचानकही फुटला नाही. जुलै २०२५ मध्ये शेजारचा एर्टा आले फुटला, तेव्हा जमिनीखालून शिलारस भेगेतून हायली गुब्बीच्या बाजूला सरकल्याचं उपग्रहांनी टिपलं होतं.

जागृत, निद्रिस्त, मृत हे शाळेतले तीन कप्पे इथे अपुरे पडतात. ज्वालामुखीच्या आयुष्यात पाचशे वर्षं म्हणजे फार नाही. फिलिपिन्सचा पिनाटुबो सुमारे पाचशे वर्षं शांत होता, त्यावर दाट जंगल होतं, लोक राहत होते. १९९१ मध्ये त्याने विसाव्या शतकातला एक सर्वात मोठा उद्रेक केला.

मग सह्याद्रीचं काय?

सह्याद्री ज्वालामुखीतून झालाय हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ही भीती वारंवार डोकं वर काढते. कुठे जमीन हादरली, कुठे विहिरीचं पाणी कोमट लागलं, की चर्चा सुरू होते.

आधी हे समजून घेऊ की इथे शंकूसारखे डोंगर फुटले नव्हते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ बेसॉल्ट लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भाग त्याने झाकलेला आहे आणि पश्चिम घाटात थरांची जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्यांतल्या कित्येक नंदुरबार-धुळ्याच्या माळावर आज काळ्या दगडी भिंतींसारख्या उभ्या दिसतात. शेवटचा रस आतच थिजला आणि भोवतालचा मऊ दगड झिजून गेला.

पुढच्या वेळी घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्याजवळ सुरक्षित जागी थांबून बघा. एका थराचा खालचा भाग घट्ट, काळा, गुळगुळीत असतो. वर जावं तसा दगड भोकाभोकांचा होत जातो. लाव्हा थिजायच्या आत वर चढू पाहणारे वायूचे बुडबुडे तिथे अडकले, त्यांचीच ही भोकं. कित्येकांत पुढे पाण्याबरोबर आलेली पांढरी खनिजं भरली. या पांढऱ्या झिओलाइटच्या स्फटिकांसाठी महाराष्ट्र जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. त्याच्या वर कधी कधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. तो त्या काळातला, जेव्हा लाव्हा थांबला होता आणि थराचा माथा ऊन-पावसात कुजून लाल होत होता. त्यावर पुढच्या लाव्ह्याचा थर. दोन उद्रेकांमधली शांतता हातभर जाडीत मोजता येते, हे मला दर वेळी थक्क करतं. अजिंठा-वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली आहेत, आणि मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलचे उभे खांब म्हणजे त्याच काळातला सावकाश थंड झालेला रस.

आता तो लाव्हा पुरवणारा तप्तबिंदू कुठे आहे? तो जागेवरच राहिला आणि भारत त्याच्यावरून ईशान्येला निघून आला. त्या काळात तप्तबिंदूने लक्षद्वीप, मालदीव, चागोस या बेटांचे पाये घातले, मग मॉरिशस, आणि आज तो मॉरिशसजवळच्या रेयुनियों बेटाखाली आहे, महाराष्ट्रापासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर. तिथला पितों द ला फुर्नेझ आजही जगातल्या सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक आहे. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज ज्या काळ्या दगडावर घरं बांधून आहे, तो आणि रायगडाचा कातळ एकाच तप्तबिंदूचे आहेत.

थोडक्यात, सह्याद्रीखाली आज दगड वितळवायला ना फाकणारे भूपट्ट आहेत, ना खाली घुसणारा समुद्रतळ, ना तो तप्तबिंदू. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, तुरळ इथले गरम झरे? पावसाचं पाणी खोल भेगांत उतरतं, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. त्याला शिलारस लागत नाही. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप खडक सरकल्याने झाले. आणि लोणारचं सरोवर तर उल्कापाताने पडलेलं विवर आहे, ज्वालामुखीचं तोंड नव्हे.

‘गाड्यांपेक्षा ज्वालामुखीच जास्त कार्बन सोडतात ना?’

नाही. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाने जाळलेल्या कोळसा-तेल-वायूतून निघणाऱ्याच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतो. मोठा उद्रेक उलट काही काळ पृथ्वी थंड करतो, कारण उंच गेलेल्या सल्फर डायऑक्साइडचे सूक्ष्म थेंब ऊन परतवतात. पिनाटुबोनंतर जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं होतं. दोनेक वर्षांत ते थेंब खाली बसले आणि परिणाम ओसरला.

भोक पाडून वाफ काढून टाकता येणार नाही का?

प्रश्न रास्त आहे. आइसलँडमध्ये क्राफ्ला इथे २००९ मध्ये भूऔष्णिक विजेसाठी खोदताना ड्रिल दोन किलोमीटरच्या जरा खाली चक्क शिलारसात गेलं. स्फोट झाला नाही, पण साठ्याचा दाबही काही कमी झाला नाही. घन किलोमीटरांत मोजायच्या साठ्यापुढे एक भोक नगण्य असतं, आणि वायू चिकट रसात विरघळलेला असतो, पिंपातल्या हवेसारखा मोकळा नसतो.

हाती आहे ते लक्ष ठेवणं. शिलारस वर सरकताना खडक तडकतात, त्यांचे बारीक भूकंप होतात. जमीन फुगते, ती उपग्रहाला सेंटिमीटरच्या फरकाने कळते. बाहेर पडणाऱ्या वायूंचं प्रमाण बदलतं. १९९१ मध्ये पिनाटुबोवर फिलिपिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी या खुणा वाचल्या आणि १५ जूनच्या मुख्य उद्रेकाआधी हजारो कुटुंबं हलवली गेली. तरीही शेकडो माणसं गेली, पुष्कळशी वादळाच्या पावसाने राख ओली होऊन छपरं कोसळल्यामुळे.

एका प्रकारात मात्र या खुणा फार कमी मिळतात. शिलारस वर न येताच जमिनीत मुरलेलं पाणी तापून वाफेने फुटतं. जपानच्या ओंताकेवर २७ सप्टेंबर २०१४ ला साठहून जास्त गिर्यारोहक असेच मृत्युमुखी पडले. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला बावीस जण, पर्यटक आणि त्यांचे वाटाडे.

आपल्याकडून दरवर्षी कितीतरी लोक बालीला जातात आणि पहाटे उठून तिथला बातुर ज्वालामुखी चढतात, म्हणून हे सांगतो. इंडोनेशियात प्रत्येक जागत्या ज्वालामुखीची चार पातळ्यांची सरकारी इशारा-व्यवस्था आहे आणि पातळीनुसार तोंडापासून किती अंतर राखायचं ते जाहीर असतं. ३ डिसेंबर २०२३ ला सुमात्रातल्या मारापीवर चोवीस गिर्यारोहक मृत्युमुखी पडले, तेव्हा तो दुसऱ्या पातळीवर होता आणि तोंडापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका असं सांगितलेलं होतं. टूर ठरवताना मार्गदर्शकाला आजची पातळी विचारा, अंतराची मर्यादा विचारा, आणि तो ‘काही होत नाही’ म्हणाला तर चढू नका.